वीस मिनिटांची फेरी

मी दापोलीजवळच्या एका बंदरात तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. अधूनमधून एखादी जुनी बोट घेतो, डागडुजी करतो आणि विकतो. दिवाळीनंतर अशीच एक शिडाची लहान बोट, पोटात डिझेल इंजिन असलेली, मी हिंगोली जिल्ह्यातल्या मच्छीमारांच्या एका संस्थेला विकली. पैनगंगेवरच्या ईसापूर धरणाचं पाणी इतकं पसरलं आहे की समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस मोडतो. काठाकाठाने माणसं आणि मासळीची खोकी न्यायला त्यांना बोट हवी होती.

ते बघायला आले तेव्हा मी त्यांना खाडीत वीस मिनिटांची फेरी मारून दाखवली. वीसच, कारण ते इंजिन चाळीस मिनिटांनी मरतं हे मला माहीत होतं. टाकीतून येणाऱ्या डिझेलच्या नळीचा एक सांधा तापला की हवा ओढायचा. नवा सांधा मागवायला आठ दिवस लागले असते आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी सांध्यावर लांबीची पुट्टी भरली, वरून निळा रंग मारला आणि बोट ट्रकवर चढवली.

माघात संस्थेचे अध्यक्ष किसनराव यांचा फोन आला. बोट भर पाण्यात बंद पडते म्हणाले. मागे पुष्कळ माणसांचा आवाज येत होता. फोन खुला ठेवून सगळे ऐकत होते. मी म्हणालो, ‘‘इंजिन चांगलं आहे. तुमच्या चालवणाऱ्याला कळत नसेल.’’

दोन महिन्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘‘मिस्त्री, मी याकूब बोलून राहिलो. बोट चालवनारा. माझं काय चुकून राहिलं तेवढं सांगा. मंगळवारी मला काढून टाकनार हायेत. काढू द्या, पन काय चुकलं ते तर कळू द्या.’’

तो भांडला असता तर मी फोन ठेवला असता. मी म्हणालो, ‘‘मी येतो.’’ बायकोला सांगितलं की गिऱ्हाइकाची विचारपूस करून येतो. हेही अर्धंच खरं होतं.

शनिवार, हिंगोली

नांदेडहून एसटीने हिंगोलीला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. हळदीचे दिवस होते. बाजाराकडून वारा आला की डोळे चुरचुरत. स्टँडसमोर हमाल चहा पीत उभे होते. त्यांचे कोपरापर्यंतचे हात, भुवया, पापण्यासुद्धा पिवळ्या. आमच्याकडे हळद चिमटीतली वस्तू. इथे तिची पोती एकावर एक रचून ट्रक वाकले होते.

याकूबभाई मोटारसायकल घेऊन न्यायला आले होते. पन्नाशीचे, सडपातळ, दाढीला मेंदी. माझी पिशवी त्यांनी हातातून घेतली आणि तिच्या वजनाने जरा झुकले.

‘‘काय आनलं मिस्त्री? समुद्र आनला का संगं?’’

‘‘पाने आहेत. थोडं सामान.’’

‘‘असू द्या. पयले नाश्ता करू. उपाशी मानसाला इंजन दिसत न्हाई.’’

टपरीवर त्यांनी माझ्यासाठी सुशीला मागवली. भिजवलेले मुरमुरे कांदा-मिरचीवर परतून वर दाण्याचं कूट. मी पहिल्यांदाच खाल्ली आणि दुसरी बशी मागितली. ती येईपर्यंत याकूबभाईंनी खिशातून एक वही काढली. इंजिन बंद पडलं ते प्रत्येक वेळचं टिपण होतं. किती वाजता, कुठल्या गावासमोर, किती माणसं, वारा कसा, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी. बावीस नोंदी.

‘‘हे बघा. चाळीस. एकोनचाळीस. बेचाळीस. चाळीस. मानसं कमी असोत का जास्त, याच टायमाला. मी मळनीयंत्राचं इंजन पंधरा साल चालवलं. कवा तकलीफ दिली न्हाई. पान्यावर आलो आन् माझ्या हाताला काय झालं, अल्ला जाने.’’

मी वहीवरून बोट फिरवत राहिलो. एखादा निष्णात कारागीर जशी नोंद ठेवेल तशी ती होती. त्यात माझा गुन्हा मिनिटांच्या हिशेबाने लिहिलेला होता आणि लिहिणारा स्वतःला दोष देत होता. तिथेच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘बघू या, काहीतरी सापडेल.’’

कळमनुरीवरून पुढे रस्ता उतरत गेला आणि उजवीकडे पाणी दिसायला लागलं. मला वाटलं होतं, तळ्यासारखं काहीतरी असेल. पण पलीकडचा काठ निळसर रेघेएवढा होता. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, धरण भरलं तेव्हा बुडालेली शेतं आणि बांध खाली. समुद्रावरचा माणूस म्हणून मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की हे पाणी चढत-उतरत नाही. आमच्याकडे अडकलेली बोट सहा तासांनी भरती सोडवते. इथे अडकलं की अडकलं.

उतरायचं ठिकाण कमलबाईंकडे होतं. त्या संस्थेच्या कमिटीवर आहेत, मासळीच्या खोक्यांचा हिशोब त्यांच्याकडे. घर नीट सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली. हळदीखालचं कापड मी ओळखलं. ते माझ्या बोटीचं शीड होतं.

‘‘कुनाला येतंय ते बांधायला?’’ कमलबाई म्हणाल्या. ‘‘पडून होतं. कापड लई चांगलं हाय दादा, हळद खाली लागत न्हाई.’’

जेवायला ज्वारीची भाकरी आणि कटल्याचं कालवण होतं. नारळ नाही, कोकम नाही. भाजलेलं सुकं खोबरं, खसखस आणि जाळ तिखट. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा किंचित वास येतो. मी घास तसाच गिळला, पण कमलबाईंनी बघितलं.

‘‘खारं न्हाई ना लागून राहिलं?’’

‘‘चांगलं आहे.’’

‘‘तोंड तसं सांगून न्हाई राहिलं.’’

दुपारी याकूबभाई नमाजाला आणि घरी जेवायला गेले. मी एकटाच काठावर गेलो, इंजिनाची फळी काढली, निळा रंग खरवडला, जुना सांधा काढला आणि घरून आणलेला नवा सांधा नव्या वायसरसकट बसवला. पंचवीस मिनिटांचं काम. माझा बेत सरळ होता: गुपचूप दुरुस्त करायचं, उद्या बोट धावेल, याकूबभाईंची नोकरी राहील, मी परत जाईन आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. जुना सांधा पिशवीत टाकताना मागे चाहूल लागली. कमलबाई रिकामी खोकी घेऊन उभ्या होत्या.

‘‘एकटेच काय करून राहिले दादा?’’

‘‘साफसफाई.’’

‘‘आसं का,’’ त्या म्हणाल्या आणि खोकी ठेवून गेल्या.

रविवार, पाण्यावर

किसनराव सकाळीच आले. पांढरी टोपी, हातात छत्री, बोलणं तोडून टाकल्यासारखं. ते माझ्याशी आदराने वागत होते आणि याकूबभाईंकडे बघत नव्हते.

‘‘पावणे, चार गावं फिरून यायचं. दीड घंटा. तुमी संगं बसा म्हंजे कळंल, इंजनात खोट हाय का हातात.’’

याकूबभाईंनी हँडल मारलं. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. आम्ही निघालो. पाणी गुळगुळीत होतं, काठावर म्हशी बुडलेल्या, पाणकावळे वाळलेल्या शेंड्यांवर पंख पसरून बसलेले. पहिल्या गावाला दोन बाया चढल्या, दुसऱ्याला एक म्हातारा शेळी घेऊन. मी घड्याळ बघत होतो. पस्तीस मिनिटं. अडतीस. याकूबभाईंच्या मानेवरची शीर मला दिसत होती. तेही मनात मोजत असावेत. चाळीस. पंचेचाळीस. इंजिन धावतच होतं. मी म्हाताऱ्याच्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

बावन्नाव्या मिनिटाला आवाज खाली बसायला लागला. याआधी ते इंजिन मरायचं तेव्हा आचके द्यायचं, वर-खाली व्हायचं. आता तसं काहीच नव्हतं. एखाद्याचा गळा हळूहळू दाबावा तसं ते दबत गेलं आणि पंचावन्नाव्या मिनिटाला थांबलं.

इतकी शांतता झाली की शेळी रवंथ करताना ऐकू येत होती.

याकूबभाईंनी टाकीचं टोपण फिरवून काढलं, आत वाकून बघितलं. ‘‘डिझल तर हाय. अर्धी टाकी हाय.’’ टोपण पुन्हा बसवलं, हातपंपाने डिझेल चढवलं, हँडल मारलं. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं. मी तोवर माझा सांधा तपासत होतो. तो कोरडा, घट्ट, निर्दोष होता. तरी मी त्याच्याकडेच बघत होतो.

‘‘बघितलं?’’ किसनराव म्हणाले. ‘‘तुमच्या डोळ्यांदेखत झालं. आता सांगा, इंजन का मानूस?’’

याकूबभाई सुकाणू धरून समोर बघत होते. त्या क्षणी मी काय बोलायला हवं होतं हे मला आज नीट दिसतं. मी म्हणालो, ‘‘उद्या आणखी एकदा बघावं लागेल.’’

‘‘बघा. मंगळवारी सकाळी काटा लागायच्या आधी बोलून मोकळं व्हायचं हाय.’’

हा काटा काय, ते कमलबाईंनी जेवताना सांगितलं. सकाळी जाळी काढून सगळे घाटावर येतात, मग वजनकाटा टांगून मासळी तोलतात. कुणाची कुणाविरुद्ध तक्रार असली तर ती काटा टांगायच्या आधी, सगळ्यांसमोर बोलायची. एकदा काटा टांगला की बोलणं बंद. नंतर तो विषय कुणी काढत नाही, घरात नाही, पारावर नाही. काटा टांगायच्या आधी जे ठरलं ते पक्कं. ‘‘आमचं कोर्ट हाय ते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उशीर झाला तर मासळी नासते, म्हून कोनी लांबन लावत न्हाई.’’

सोमवार, बुडालेल्या झाडांजवळ

सकाळी मी शीड मागितलं. इंजिनावरचा माझा भरवसा उडाला होता आणि भरती नसलेल्या पाण्यावर मी पुन्हा नुसतं बसून राहणार नव्हतो.

‘‘आन् माझी हळद कशावर वाळवू?’’ कमलबाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या धोतरावर?’’

‘‘मी पँट घालतो.’’

‘‘तेच तर. ती पुरनार न्हाई.’’

पण त्यांनी हळद पोत्यांवर ओतली, शीड झटकून दिलं आणि पलीकडून बर्फाची खोकी आणायची म्हणून स्वतःही बोटीत बसल्या. मी डोलकाठीला दोर लावले, शीड गुंडाळून बांधून ठेवलं. माझे हात कोपरापर्यंत पिवळे झाले.

जाताना मधेच एका गावाला माणसं उतरवायला इंजिन बंद केलं आणि याकूबभाईंनी सवयीने डिझेल बघितलं. जाणं विनातक्रार झालं. पलीकडे खोकी भरताना दुपार झाली आणि वावटळी उठायला लागल्या. परतीला निघालो तेव्हा वारा बाजूने जोर करत होता आणि पाण्यावर बुटक्या, आखूड लाटा उठल्या होत्या. समुद्राची लाट लांब असते, तिच्यावर चढून उतरता येतं. ही धरणाची लाट सारखी थपडा मारत राहते.

पाऊण तास झाला तेव्हा आम्ही बुडालेल्या आमराईच्या वरच्या अंगाला होतो. ते शेंडे पाण्याबाहेर दिसतात त्याहून पाण्याखाली जास्त आहेत. याकूबभाई त्यांना वळसा घालत होते. तेवढ्यात आवाज खाली बसायला लागला.

‘‘मिस्त्री.’’

‘‘ऐकतोय.’’

इंजिन थांबलं. वाऱ्याने बोट आडवी झाली आणि झाडांकडे सरकायला लागली. पहिला शेंडा शंभर हातांवर असेल. याकूबभाई टाकीकडे वाकले. मी ओरडलो, ‘‘टाकी राहू द्या, सुकाणू धरा.’’ त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुकाणू धरलं. मी शिडाचा दोर सोडला, ओढला, तो मधेच अडकला. कमलबाई खोक्यांवर पाय देऊन उभ्या राहिल्या आणि गाठ दातांनी सोडवली. शीड वर गेलं, फडफडलं आणि हळदीचा एवढा धुरळा उडाला की तिघेही खोकत, डोळे मिटून उभे. एक शेंडा बोटीच्या पोटाला घासत गेला; फळीचा आवाज मला दातांत जाणवला. दुसरा हातभर लांबून गेला. मग शिडाने वारा धरला आणि बोट वळली.

‘‘डावीकडे. अजून. आता असंच धरा.’’

‘‘असंच?’’ याकूबभाईंनी विचारलं.

‘‘असंच.’’

झाडं मागे पडली. याकूबभाईंच्या दाढीतली मेंदी आणि हळद एक झाली होती. कमलबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘इंजनापरीस माझी हळद बरी चालली.’’

आता घाई नव्हती. बोट शिडावर नीट चालली होती आणि मला पहिल्यांदाच मेलेलं इंजिन मेलेल्या अवस्थेत तपासायला मिळत होतं. याआधी दर वेळी याकूबभाई तत्परतेने टाकी उघडून बघायचे आणि मग ते सुरू व्हायचं. मी नळी सैल केली. टाकी पाऊण भरलेली असताना तिथे थेंब आला नाही. मी टोपणावर हात ठेवला, सावकाश फिरवलं, आणि आत हवा शिरल्याचा आवाज आला. लांब, स्पष्ट, सुस्कारा टाकावा तसा. त्याबरोबर नळीतून डिझेल वाहायला लागलं.

टोपणाखाली जाड पांढरं प्लास्टिक होतं. मधोमध आत ओढलं जाऊन त्याची वाटी झाली होती.

‘‘हे काय आहे?’’

‘‘खताच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक,’’ याकूबभाई म्हणाले. ‘‘मळनीच्या इंजनाला आमी सगळेच ठेवतो. भुसा जाऊ नये म्हून. इथं तर काठावर धूळ लई.’’

मळणीच्या इंजिनाची टाकी उंचावर असते, तिचं टोपण नुसतं वर टेकलेलं असतं. प्लास्टिक ठेवलं तरी कडेने हवा जाते. या टोपणाला आटे आणि रबर होतं आणि हवा आत जायला एक लहान नळी टोपणालाच होती. ती प्लास्टिकने बंद व्हायची. इंजिन डिझेल ओढायचं, टाकीत हवा जायची नाही, आणि तासाभरात टाकीच डिझेल सोडायला नकार द्यायची. मग याकूबभाई डिझेल बघायला टोपण उघडायचे आणि तेवढ्याने ती बरी व्हायची. आज बोट पाऊण तासातच थांबली, कारण टाकी जास्त भरलेली होती आणि आत हवा कमी होती.

हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. मी उत्साहाने बोलत होतो, याची मला लाज वाटते. दोष सापडला होता आणि तो माझा नव्हता.

याकूबभाईंनी ते प्लास्टिक हातात घेतलं, सरळ केलं, घडी घातली. ‘‘म्हंजे माझंच चुकलं,’’ ते म्हणाले. ‘‘किसनराव बराबर बोलत होते. सांगा उद्या सगळ्यांला. कळलं, हे बरं झालं.’’

मग मला आठवलं. वहीत चाळीस होते. काल, मी सांधा बदलल्यावर, पंचावन्न. टाकी डिझेल अडवायला लागली की माझी लांबी सुटून सांधा पुन्हा हवा ओढत असणार; दोन्ही दोष मिळून चाळीसाव्या मिनिटाला मारायचे. आणि माघात फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं असतं, की बंद पडल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. कुठल्याही नवख्या मिस्त्रीने तो प्रश्न विचारला असता. मी विचारला नाही, कारण उत्तरात माझा सांधा निघेल अशी भीती होती. काल बोटीत बसूनही मी तो सांधाच बघत राहिलो आणि हातभर अंतरावरचं प्लास्टिक मला दिसलं नाही.

कमलबाई माझ्याकडे बघत होत्या.

मंगळवार, घाट

पहाटे जाळी काढून चाळीसेक माणसं घाटावर जमली होती. मासळीचे ढीग ओल्या गोणपाटाखाली. काटा जमिनीवर ठेवलेला, तो टांगायचं तीन काठ्यांचं तिकाटणं उभं. किसनराव म्हणाले, ‘‘याकूबचं बोलून घेऊ.’’

मी पुढे व्हायच्या आधी याकूबभाई उभे राहिले. त्यांनी प्लास्टिक वर धरून दाखवलं. ‘‘हे मी टोपनाखाली ठेवत होतो. त्यानं हवा बंद व्हायची. चूक माझी हाय. पावन्यांनी शोधून काढली.’’ आणि ते खाली बसले.

‘‘मग झालं,’’ किसनराव म्हणाले. ‘‘मिस्त्रींनी फोनवर सांगितलंच होतं. लावा काटा.’’

दोघे काटा उचलायला वाकले.

‘‘थांबा,’’ मी म्हणालो.

मला सभेत बोलायची सवय नाही. मी जसं झालं तसं सांगितलं. सांधा, लांबी, निळा रंग. वीस मिनिटांची फेरी आणि ती वीसच का. शनिवारी याकूबभाई नमाजाला गेले तेव्हा मी काय केलं. फोनवर मी काय बोललो आणि ते बोलताना मला काय माहीत होतं. ‘‘चाळीसची पंचावन्न झाली, ती पंधरा मिनिटं माझी आहेत,’’ मी म्हणालो. ‘‘आणि उरलेली पंचावन्नसुद्धा एका प्रश्नाने सुटली असती. मी विचारलं नाही. बोटीच्या टोपणाला हवेची नळी असते, ती झाकू नका, हे मी बोट देताना सांगायला हवं होतं. तेही सांगितलं नाही.’’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘कोकनातला मानूस, खोल पान्यातला मासा निघाला.’’ दोघं-तिघं हसले. बाकी कोणी हसलं नाही.

किसनरावांचा चेहरा लाल झाला होता. ‘‘म्हंजे आमी इतके शंभर कोस आलो, आन् तुमी आमाला ईस मिन्टं दाखवून येडं बनवलं.’’

‘‘हो.’’

‘‘आन् मी या मानसाला दोन महिने सगळ्यांत बोल लावला. तुमच्या भरवशावर.’’

‘‘हो.’’

त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. मग याकूबभाईंकडे वळले, रविवारपासून पहिल्यांदा. ‘‘याकूब, बोट तूच चालवायची. माझं बोलनं मी माघारी घेतो. इथं बोललो होतो, इथंच घेतो. आन् ते प्लास्टिक फेकून दे.’’

‘‘फेकतो,’’ याकूबभाई म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

काटेवाले पुन्हा वाकले. तेव्हा कमलबाई बोलल्या. ‘‘एक इचारू दे पयले. दादा, अशी बोट अजून कोनाला इकली का?’’

घाटावर सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं बोललो असतो तर कुणालाच कळलं नसतं.

‘‘एक,’’ मी म्हणालो. ‘‘दुसऱ्या धरणावर. तिच्या इंजिनाला थंड पाणी पुरवणारा पंप झिजलेला आहे. मी सांगितलं नव्हतं.’’

‘‘तिथं कवा जानार?’’

‘‘इथूनच जातो.’’

‘‘मग लावा काटा,’’ त्या म्हणाल्या.

मला हिंगोलीला सोडायला याकूबभाईच आले. वाटेत ते चहालाही थांबले नाहीत. मी मागे बसून दोनदा माफी मागितली. वाऱ्यात ऐकू गेली नसेल, किंवा गेली असेल. स्टँडवर त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली आणि मग म्हणाले, ‘‘मिस्त्री, दोन महिने मी रोज रात्री इचार करायचो की माझ्या हाताला काय झालं. तुमाला ठावं होतं.’’

‘‘हो.’’

‘‘मी कधी तुमच्या बाबतीत वाईट बोललो न्हाई. आता बोलंन. चार लोकांत बोलंन. तेवढं चालवून घ्या.’’

‘‘बोला.’’

त्यांनी मान हलवली. किक मारली, मग गाडी पुन्हा बंद केली. ‘‘त्या दुसऱ्या बोटीवर चालवायला कोन हाय?’’

‘‘असेल कोणीतरी. मला माहीत नाही.’’

‘‘मी फोन केला तवर माझंबी नाव तुमाला ठावं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘जायच्या आधी इचारून घ्या.’’

ते गेल्यावर मी स्टँडवरच्या बाकावर बसलो. समोरून हळदीच्या पोत्यांचा टेम्पो गेला आणि माणसांनी नाकाला रुमाल लावले. मी दुसऱ्या संस्थेला फोन लावला. तिथल्या अध्यक्षांनी मला ओळखलं, बोट छान चालली आहे म्हणाले, कधीकधी तापते, पण ती चालवणाऱ्याची चूक असावी.

मी विचारलं, ‘‘त्यांचं नाव काय?’’